आजोबा सायकलच्या कारखान्यात होते? मग त्यांच्या आठवणी अशा काढून घ्या

गिरण्यांवर खूप लिहून झालंय आणि ते व्हायलाच हवं होतं, पण वरळीत सायकली पण बनायच्या हे आता वरळीतल्याच पोरांना सांगावं लागतं. हिंद सायकल मार्ग नावाचा रस्ता अजून आहे, लोक टॅक्सीवाल्याला बिनधास्त पत्ता सांगतात, पण ते नाव कुठून आलं हे कोणी विचारत नाही. तिथे हिंद सायकल्स लिमिटेड हा कारखाना होता, स्वातंत्र्याच्या आधीपासूनचा. ज्यांनी तिथे किंवा असल्याच दुसऱ्या कुठल्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवली ती माणसं आज पंचाहत्तर-ऐंशीच्या पुढे आहेत, त्यामुळे "दिवाळीत बसू निवांत" असं म्हणत असाल तर नका म्हणू, याच रविवारी बसा. कसं बसायचं, काय विचारायचं, काय जपायचं ते खाली लिहितोय. आमच्या घरात आजोबा चाकांच्या खात्यात होते, त्यांच्याशी बोलता बोलता जे कळत गेलं तेच आहे हे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. "आजोबा, कारखान्याच्या आठवणी सांगा ना" असं विचारायचं नाही. उत्तर ठरलेलं असतं, "काय सांगायच्या, आठ तास काम करायचं आणि घरी यायचं." संपलं. मग तुम्ही पण मोबाईल बघायला लागता आणि ते पण टीव्ही लावतात. आठवण विचारायची नाही, काम विचारायचं. सकाळी खात्यात शिरल्यावर पहिल्यांदा हातात काय घ्यायचात, तो माल तुमच्याकडे कुठल्या खात्यातून यायचा, तुमचं झालं की पुढे कोणाकडे जायचा, खराब निघाला तर कोण परत पाठवायचं, दिवसाला किती नग द्यावे लागायचे. हे विचारलं की माणूस नीट बसतो. कारण आठवण सांगणं हे त्यांना स्वतःचं कौतुक केल्यासारखं वाटतं आणि त्या पिढीला ते जमत नाही, पण काम समजावून सांगणं म्हणजे नवीन हेल्परला शिकवणं, ते त्यांनी आयुष्यभर केलेलंच असतं.

पण यासाठी तुम्हाला थोडा अभ्यास लागतो. सायकल कशी बनते हेच माहीत नसेल तर पुढचा प्रश्न सुचणार नाही, आणि समोरच्याला पण लगेच कळतं की याला काही समजत नाहीये. तर थोडक्यात सांगतो, थोडक्यात म्हणजे जरा लांबच आहे, पण हे वाचून जा.

जुन्या काळ्या सायकलची फ्रेम म्हणजे स्टीलच्या नळ्या. त्या मापात कापायच्या, टोकं घासून अशी करायची की एकमेकीला नीट बसतील, मग जोडाच्या ठिकाणी लग, म्हणजे नळ्यांची टोकं बसतात ते धातूचे तुकडे, घालायचे आणि सांधा पितळेने भरायचा. याला ब्रेझिंग म्हणतात. पितळ वितळायला साधारण ९०० अंशाच्या आसपास तापमान लागतं, आणि सांधा स्वच्छ राहून पितळ आत ओढलं जावं म्हणून टाकणखारासारखा फ्लक्स लावतात. म्हणजे ब्रेझिंगवाला माणूस असेल तर त्याला उष्णतेबद्दल विचारा, डोळ्यांबद्दल विचारा, पितळ सांध्यात पूर्ण गेलं की नाही हे तो कशावरून ओळखायचा ते विचारा. रंगावरून ओळखायचे बहुतेक जण, आणि ते सांगताना हात आपोआप हलतो. ब्रेझिंगनंतर ॲसिडमध्ये साफसफाई, कानस मारणं, फ्रेम सरळ आहे का ते गेजवर बघणं. मग गंज धरू नये म्हणून फॉस्फेटची प्रक्रिया, मग रंग, आणि रंग भट्टीत भाजायचा, म्हणून तर त्या काळ्या रंगाला तसली चमक असायची आणि चाळीस वर्षं पावसात उभी राहिली तरी फ्रेम टिकायची. वर सोनेरी रेघा असायच्या त्या कितीतरी कारखान्यांत हाताने मारायचे, लांब केसांच्या ब्रशने, एका दमात. रेघावाला कोणी तुमच्या नात्यात असेल तर तुम्ही नशीबवान आहात, त्यांच्याकडून कागदावर एक रेघ मारून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

रिमचं वेगळं. स्टीलची पट्टी रोलरमधून काढून तिला आकार द्यायचा, गोल वळवायची, टोकं जोडायची, भोकं पाडायची. जुन्या इंग्लिश पद्धतीच्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, मागे वजन जास्त म्हणून तारा जास्त. मग पॉलिश, निकेल, त्यावर क्रोम. हे प्लेटिंगचं खातं म्हणजे कारखान्यातलं सगळ्यात वाईट खातं म्हटलं तरी चालेल, क्रोमिक ॲसिडच्या वाफेने नाकाच्या आतला पडदा खराब होतो, हातावर जखमा होतात, हा वैद्यकशास्त्रात नोंदलेला कामाचा आजार आहे. बफिंगवाल्यांच्या, म्हणजे फिरत्या चाकावर घासून पॉलिश करणाऱ्यांच्या, नाकातोंडात काळी धूळ जायची. प्रेसवाल्यांच्या बोटांकडे न बोलता बघून घ्या आणि विषय त्यांनी काढला तरच पुढे जा.

हब (चाकाचा मधला भाग) आणि छर्रे ज्यांत फिरतात ते कप, कोन हे भाग तापवून कडक करायचे, नाहीतर छर्रे त्यांना खाऊन टाकतात. टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणारं खातं, हे कारखान्यातले ब्राह्मण, असं आमचे आजोबा हसत हसत म्हणायचे, म्हणजे पगार जास्त, कपडे कमी मळलेले आणि बोलणं जरा वरून. शेवटी चाक भरणं (म्हणजे तारा बसवणं), आऊट काढणं (म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढणं), फिटिंग, तपासणी, पॅकिंग. बऱ्याच सायकली सुट्या भागांत पॅक होऊन जायच्या आणि दुकानदार जोडायचा, त्यामुळे कित्येक कामगारांनी स्वतः बनवलेली सायकल पूर्ण जोडलेली क्वचितच बघितलेली असते. हा प्रश्न विचाराच, की तुमची सायकल रस्त्यावर ओळखू यायची का, कशावरून.

आता खरी युक्ती. प्रश्नांपेक्षा वस्तू जास्त चालते. नाक्यावरच्या सायकल रिपेअरवाल्याकडे जा, जुनं फ्रीव्हील, एक हब, मूठभर छर्रे, दोनचार तारा आणि निपल, कॉटर पिन असलं काहीतरी पन्नास-शंभर रुपयांत किंवा फुकट पण देईल, ते घेऊन या आणि पेपर अंथरून समोर ठेवा. काही बोलू नका. अख्खी जुनी बावीस किंवा चोवीस इंची सायकल मिळाली तर उत्तमच. आजोबा सगळ्यात आधी चाक उचलून फिरवतात आणि रिम ब्रेकच्या रबराजवळून कशी जाते ते बघतात, आणि "आऊट आहे" म्हणतात. तिथून पुढे दीड तास तुम्हाला काही विचारावं लागत नाही. व्हिडिओ काढत असाल तर चेहरा कमी आणि हात जास्त घ्या. चाक भरताना तारा कुठल्या क्रमाने टाकतात, कुठली वरून कुठली खालून, हे तोंडाने सांगता येतच नाही, हातालाच येतं, त्यांना पण विचारलं तर गोंधळतात आणि करायला दिलं की बरोबर करतात.

रेकॉर्डिंगचं फार टेन्शन नको, फोन पुरतो. फक्त फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा किंवा फोन पंख्यापासून लांब ठेवा, आणि आत कुकर लावलेला असेल तर तीन शिट्ट्या होऊ द्या. दुपारची झोप आणि चहा झाल्यावरची वेळ चांगली. ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला बसा. सुरुवातीलाच तारीख, जागा आणि कोण कोण बसलंय ते बोलून घ्या, नाहीतर दहा वर्षांनी तुमच्याच पोरांना कळणार नाही की मध्ये खोकणारे काका कोण. फाईल व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ असाच टाकला तर क्वालिटी उतरते. आणि एका जागी ठेवू नका, ड्राइव्हवर एक, पेनड्राइव्हवर एक, गावाला भावाकडे एक. बोललेलं टाईप करायला मराठी व्हॉइस टायपिंग वापरता येतं पण कारखान्यातल्या शब्दांची ते पार वाट लावतं, तेवढं हाताने दुरुस्त करा आणि त्यांचेच शब्द ठेवा. ते खातं म्हणत असतील तर विभाग करू नका, भोंगा म्हणाले तर सायरन लिहू नका.

साल कोणालाच आठवत नाही, हे धरूनच चाला. "कधी लागलात" विचारलं की "लय वर्षं झाली" असंच येणार. मग सालाला खुंटी शोधायची. लागलात तेव्हा ट्राम चालू होती का? मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, म्हणजे एका प्रश्नात अर्धं काम. लढाईत दिवे घालवायचे तेव्हा रात्रपाळी कशी व्हायची, तिथून १९६५ किंवा १९७१ सापडतं. वरळीच्या माणसाला टीव्हीचा टॉवर विचारा, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९७४ सालचा बीडीडी चाळीतला दंगा, त्याच वर्षी मे महिन्यातला रेल्वेचा संप, मग आणीबाणी, मग १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप. संपात सायकल कारखाना नव्हता, पण एकाच खोलीत एक भाऊ गिरणीत आणि एक सायकलमध्ये असं कितीतरी घरात होतं, आणि त्या दिवसांत कोणाच्या पगारावर किती तोंडं होती हे विचारलं की वेगळीच गोष्ट बाहेर येते. हे सगळं नाही जमलं तर लग्न आणि पोरांचे जन्म, ते आजीला विचारा, तिचं चुकत नाही.

हिंद सायकलवाल्यांसाठी अजून एक पक्की खुंटी आहे. कंपनीचं व्यवस्थापन सरकारने आधी ताब्यात घेतलं होतं, मग १९८० साली संसदेने कायदा करून हिंद सायकल्स आणि बंगालमधल्या आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं, एकाच कायद्यात, १९८० चा कायदा क्रमांक ७०. त्यानंतर वरळीची झाली नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया आणि आसनसोलची सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. म्हणजे पगाराच्या पावतीवर वर कुठलं नाव छापलंय ते बघितलं की कागद १९८० च्या आधीचा की नंतरचा ते कळतं. आणि आजोबा मध्येच "आसनसोलवाले" असं काही बोलले तर ते भरकटलेत असं समजू नका, विषय हाच आहे. सेन-रॅलेतलं रॅले म्हणजे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची सायकल कंपनी, तिच्याशी त्यांचा करार होता.

कागद कुठे सापडतील? पत्र्याच्या पेटीत, पोटमाळ्यावर, कपाटात साड्यांच्या खाली, देवघराच्या खणात. पीएफची स्लिप, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, ग्रॅच्युइटीचं पत्र, पतपेढीचं पासबुक, युनियनची वर्गणीची पावती, नोकरीचा दाखला, पितळेचं टोकन किंवा बिल्ला. प्रत्येकातून काहीतरी कळतं. ईएसआय कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं असायची, त्यात लहानपणी गेलेलं एखादं मूल पण असतं ज्याच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, तेव्हा जरा सांभाळून. पतपेढीच्या पासबुकात कर्ज कधी काढलं ते बघा, बहुतेक वेळा तिथे एक लग्न किंवा गावच्या घराची कौलं असतात. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा आहे, त्यामुळे त्याच्या आधी सोडून गेलेल्या पणजोबांचा तसा कागद सापडला नाही तर शोधत बसू नका. आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेशन करू नका. सेलोटेप पण नको, काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद खाते. खिडकीजवळ उजेडात, फ्लॅश बंद करून, पुढून मागून दोन्हीकडून फोटो काढा आणि कागद जाड लिफाफ्यात सपाट ठेवा.

ग्रुप फोटो असेल तर तो बहुतेक दसऱ्याचा निघतो, खंडेनवमीला मशिनी धुऊन पुसून झेंडूचे हार घालायचे तेव्हाचा, किंवा सत्यनारायणाचा. मूळ फोटोवर पेन लावू नका, मोठी झेरॉक्स काढा आणि तिच्यावर डोक्यांना नंबर टाकत रांगेरांगेने विचारा. नाव आठवलं नाही तर गाव विचारा, "हा चिपळूणकडचा", "हा जुन्नरचा", हे नावापेक्षा जास्त आठवतं. मग तो कामाला कसा लागला, कोणी लावला. एका माणसाने आपल्या गावचे किती जण आत घेतले हे एकदा उलगडायला लागलं की पूर्ण खातं उभं राहतं.

आजीची मुलाखत वेगळी घ्या आणि आजोबा बाहेर गेलेले असताना घ्या. समोर असतील तर दर वाक्याला "तसं नाही गं" चालू होतं. तिला कारखाना विचारू नका, कपडे विचारा, डबा विचारा, पगाराचा दिवस विचारा. अंगावरच्या कपड्यांना कसला वास यायचा, डाग कशाने काढायचीस, पगार हातात किती यायचा आणि गावाला मनीऑर्डर किती जायची, बीडीडीच्या दहा बाय सोळाच्या खोलीत रात्रपाळीवाला दिवसा झोपायचा तेव्हा पोरं कुठे असायची. आणि घरी सायकल होती का? हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. सायकलीच्या कारखान्यात वीस-वीस वर्षं काढलेली कितीतरी माणसं चालत कामावर जायची. चाळीत ठेवणार कुठे, जिन्याखाली ठेवली तर रात्रीत बेल गायब आणि आठवड्यात सीट.

कारखाना बंद पडणं, थकलेले पैसे, युनियनची भांडणं, हे विषय पहिल्या दिवशी काढायचे नाहीत. ते आपणहून बोलले तर मध्ये न बोलता ऐका, "बंद कर ते" म्हणाले तर खरंच बंद करा, फोन उलटा करून ठेवल्याचं नाटक नको. आणि इतक्या वर्षांनी तुम्ही बसून कोण बरोबर कोण चूक ठरवायला जाऊ नका.

घरात जे सांगितलं जातं ते सगळंच तसंच लिहायचं का? लिहा, पण "आजोबा सांगतात" असं म्हणून लिहा. "देशातली पहिली सायकल आमच्याच खात्यातून निघाली" हे वाक्य प्रत्येक सायकल कारखान्यातल्या प्रत्येक आजोबांचं असतं. ताळा करायला काही तारखा हाताशी असू द्या, मद्रासची टीआय सायकल्स १९४९, सोनीपतची ॲटलस १९५१, लुधियानाची हीरो १९५६. काहींचं सांगणं यात बसतं, काहींचं नाही, पण म्हणून त्यांना तिथल्या तिथे खोटं पाडायची काही गरज नसते.

बाहेर शोधायचं असेल तर १९८० चा तो कायदा ऑनलाइन फुकट वाचायला मिळतो, इंडिया कोड या सरकारच्या कायद्यांच्या वेबसाइटवर. कामगार आणि कंपनी यांच्यातले वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे गेले की त्यांचे निवाडे सरकारी राजपत्रात छापून यायचे, त्यात पगाराच्या श्रेणी, महागाई भत्ता, खात्यांची नावं सगळं असतं, वाचायला कंटाळवाणं पण आपल्या माणसाचं खातं सापडलं की मजा येते. मुंबई सरकारचं लेबर गॅझेट १९२१ पासून निघायचं, ते पण बघा. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेख खातं आहे, टाऊन हॉलमध्ये एशियाटिकची लायब्ररी, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. जुन्या पेपरांत आणि दिवाळी अंकांत सायकलींच्या जाहिराती असतात, तो कागद आजोबांसमोर ठेवला तर "असली बेल आम्ही लावत नव्हतो" असं काहीतरी हमखास निघतं.

आणि पाय चालत असतील तोवर एकदा त्यांना त्या भागात घेऊन जा. गाडीतून नको, काचेतून काही दिसत नाही. वरळी नाक्यापासून ज्या रस्त्याने जायचे त्याच रस्त्याने हळूहळू, सकाळी ऊन चढायच्या आत, सोबत पाणी आणि बीपीची गोळी. गेट कुठे होतं ते त्यांना दाखवू द्या, मॅप उघडून तुम्ही सांगू नका. समोर काचेची बिल्डिंग असेल आणि वॉचमन हटकेल, तर त्याला सांगा काय चाललंय ते, ते पण कुठल्यातरी गावाहून आलेले असतात, खुर्ची देतात बसायला.

सगळं जमलं की फार मोठं पुस्तक करायच्या भानगडीत पडू नका, ते होत नाही. वीस-पंचवीस पानं, मोठ्या अक्षरात, म्हणजे त्यांना स्वतःला वाचता येईल, स्पायरल बाइंडिंग, घरटी एक कॉपी. पहिली कॉपी त्यांना आणि सोबत लाल पेन द्या, चुका काढू देत, त्यात अजून दहा गोष्टी निघतात ज्या रेकॉर्डिंगमध्ये आल्याच नाहीत. फेसबुकवर किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं असेल तर आधी त्यांना विचारा, फोटोतल्या बाकी मंडळींच्या घरच्यांना पण शक्य असेल तर विचारा, आणि पीएफ नंबर, ईएसआय नंबर, बँकेचा खाते नंबर काळ्या पट्टीने झाकून मगच टाका, पेन्शन अजून त्याच नंबरावर येत असते.